जुन्या ट्रॅक्टरला आधी वय विचारा

सकाळची ओपीडी नुकतीच सुरू झाली होती. तिशीतला एक तरुण शेतकरी डावा हात छातीशी धरून आत आला. मागे त्याचे वडील. गाव लोणखेडा, शहाद्याला लागूनच. बसल्याबसल्या मुलगा म्हणाला, "काही मोठं नाही, डॉक्टरसाहेब. ट्रॅक्टर बघताना डिझेलची चिळकांडी लागली बोटाला. पण रात्रभर ठणका थांबला नाही."

तर्जनीच्या टोकाला सुई टोचल्याएवढे एक छिद्र होते. रक्त नव्हते, फाटलेली कातडी नव्हती. बोट मात्र फुगून कडक झाले होते, टोक पांढरट पडले होते आणि तळव्यावर दाबले की तो कळवळत होता. लागले कधी म्हणून विचारले, तर आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला. म्हणजे सोळा तास उलटून गेले होते. घरच्यांनी हळद लावून चिंधी बांधली होती.

जखम छोटी दिसत असली तरी ही तातडीच्या शस्त्रक्रियेची केस असते. त्याला लगेच शल्यचिकित्सकाकडे पाठवले. हात वाचला, बोटाचे शेवटचे पेर मात्र काढावे लागले. पहिल्या काही तासांत आला असता, तर ते वाचण्याची शक्यता बरीच जास्त होती.

पुढे टाके काढायला आला तेव्हा मी सहज विचारले, ट्रॅक्टरला झाले काय होते? आबा, म्हणजे त्याचे वडील, म्हणाले, "या ना एकदा बघायला, साहेब. माझ्या वडिलांनी घेतलेला आहे." एका रविवारी गेलो. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाल रंग उडालेला तो ट्रॅक्टर उभा होता. तिथे अर्धा दिवस गेला आणि एक गोष्ट लक्षात आली. आम्ही रुग्णाला तपासताना जो क्रम पाळतो, तो या ट्रॅक्टरच्या बाबतीत पाळला असता, तर ते बोट त्या नळीजवळ गेलेच नसते. हा लेख त्या क्रमाविषयी आहे.

जन्मतारीख नसलेला रुग्ण

आमच्या भागात पिकल्या केसांच्या अनेक रुग्णांना स्वतःचे वय सांगता येत नाही. मग आम्ही विचारतो, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होतात? लग्न झाले होते का? त्यावरून अंदाज बांधतो. दात, डोळे, सांधे पाहून तो पडताळतो. एकाच खुणेवर विसंबत नाही.

जुन्या ट्रॅक्टरचेही तसेच. आबांना एवढेच आठवत होते, की दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी ट्रॅक्टर घरी आला. ही झाली पहिली साक्ष, पण ती 'घरी कधी आला' याची. ट्रॅक्टर नवा घेतला होता की वापरलेला, हे त्यातून कळत नाही.

दुसरी साक्ष आरसी बुकाची. त्यात उत्पादनाचे वर्ष, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असतो. नंबर प्लेटही बोलते. एमएच आणि त्यापुढे जिल्ह्याचा अंक ही पद्धत १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाल्यानंतरची. एमएच-१८ म्हणजे धुळे. एमएच-३९ म्हणजे नंदुरबार, आणि हा जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी राज्यात नुसत्या अक्षरांच्या मालिका चालत. मात्र नोंदणीचे वर्ष म्हणजे बनवल्याचे वर्ष नव्हे; जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख यांत फरक असतो, तसेच हे.

तिसरी आणि भरवशाची साक्ष पाटीची आणि ठोकलेल्या नंबरांची. कंपनीची पत्र्याची पाटी, चेसिसवर ठोकलेला नंबर आणि इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबर, असे तिन्ही पाहायचे. वर्षानुवर्षांच्या तेल-मातीखाली ते दडलेले असतात. रॉकेलच्या फडक्याने आणि मऊ ब्रशने पुसावे. पॉलिश पेपरने घासू नये, नाहीतर उरलेसुरले अंकही जातात. मग बॅटरीचा उजेड आडवा पाडला, की ठसे सावलीत उठून दिसतात.

आबांच्या ट्रॅक्टरची पाटी पुसल्यावर 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' अशी अक्षरे दिसली आणि मॉडेल बी-२७५. ही कंपनी १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून काढली. कारखाना मुंबईत कांदिवलीला. १९७७ साली ती महिंद्रामध्ये विलीन झाली. म्हणजे ही पाटी असलेला ट्रॅक्टर साधारण या दोन सालांच्या मधला. आबांची आठवण आणि पाटी यांचा मेळ बसला.

इतर ट्रॅक्टरांबाबतही हीच रीत चालते. एखादा मॉडेल देशात कधीपासून बनू लागला हे माहीत असेल, तर निदान 'याच्या आधीचा नाही' एवढे ठरते. आयशरने फरीदाबादला पहिला ट्रॅक्टर काढला १९५९ साली. एचएमटीने पिंजोरला झेटरच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली १९७१ मध्ये. स्वराज ७२४ बाजारात आला १९७४ मध्ये. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झाला होता.

काही कंपन्या ओतीव भागांवरच तारीख उठवत. फोर्डच्या जुन्या भागांवर '५सी१२' असे काहीतरी दिसते. पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा, अक्षर महिन्याचे (सी म्हणजे मार्च) आणि पुढे दिवस. पण ५ म्हणजे १९६५, १९७५ की १९८५, हे ठरवायला इतर खुणा लागतात.

फसवणाऱ्या खुणाही पुष्कळ. रंग नवा मारता येतो. टायरवर आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंक असतात, ते फक्त टायरचे वय. इंजिनही बदललेले असू शकते. शिवाय काही ट्रॅक्टरांत मुळातच इंजिन एका कंपनीचे आणि बाकी ट्रॅक्टर दुसऱ्या कंपनीचा असतो. टॅफेच्या मॅसी फर्ग्युसनमध्ये सिम्पसनचे इंजिन येई, हे अनेकांना माहीत असेल. म्हणून इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळवूनच पाहावा. जुना ट्रॅक्टर विकत घेताना तर नक्कीच.

वयाचा आरोग्याशी काय संबंध?

संबंध दोन आहेत. पहिला, सुट्या भागांचा. मॉडेल आणि काळ चुकीचा धरला, की नोझल, रिंगा, गॅस्केट चुकीचे येतात आणि कामाला जुगाड सुरू होतो. दुसरा अधिक महत्त्वाचा. वय कळले, की त्या ट्रॅक्टरवर कोणती सुरक्षा नाही हे कळते.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या आपल्याकडच्या ट्रॅक्टरला उलटल्यास चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट सहसा नसते. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना ती १९५९ मध्येच सक्तीची केली आणि तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढे फार कमी झाले. ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना सेल्फ लागूच नये अशी सोयही अनेक जुन्या गाड्यांत नसते, किंवा असली तरी कुणीतरी तार जोडून ती बाद केलेली असते. मागच्या पीटीओ शाफ्टवरचे आवरण गायब असते. हा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. उपरणे, लुंगी किंवा ओढणीचे टोक त्यात गेले, तर 'बंद कर' म्हणायलाही वेळ मिळत नाही. जुन्या क्लचप्लेट, ब्रेक लायनर आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात गेल्याचे दुष्परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतात. म्हणून जुने ब्रेक उघडल्यावर हवेने फुंकून धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

थोडक्यात, पन्नाशीच्या ट्रॅक्टरजवळ जाताना आपणच त्याचे सुरक्षा उपकरण असतो.

आधी विचारपूस, मग पाना

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दट्ट्या हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा सोडते आणि ते पेटते. म्हणजे इंजिनाला तीन गोष्टी हव्यात: हवा, डिझेल आणि दाब. बहुतेक तक्रारी या तिघांपैकी कशाची तरी उणीव सांगतात. बी-२७५ सारख्या जुन्या इंजिनांना सुरू होण्याआधी हीटर प्लगची ऊबही लागते. मॉडेलच्या नावापुढे 'डीआय' असलेल्या पुढच्या काळातल्या इंजिनांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यांचे तसे नसते. वय माहीत असण्याचा हाही एक उपयोग. हीटर प्लग जळाला असेल, तर थंडीत नुसता सेल्फ मारून बॅटरी संपते. मग कुणीतरी हवेच्या नळीत पेट्रोलचा बोळा धरतो. तापलेल्या हीटर प्लगजवळ पेट्रोलची वाफ गेली, की भडका उडतो. असे भाजलेले चेहरे मी पाहिले आहेत.

आम्ही रुग्णाचा रंग पाहतो, तसा इंजिनचा धूर पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. आधी एअर क्लीनर उघडा, शंभरातल्या कित्येक वेळा तिथेच माती आणि भुसा सापडतो. मग नोझल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाईड झिजले. सुरू होतानाचा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, थंड इंजिन किंवा कमी दाब. तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. ऑइलची काडी काढून पाहावी. ऑइल दुधाळ कॉफीसारखे दिसले, तर त्यात पाणी आहे. पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला, तर त्यात डिझेल उतरते आहे. अशा अवस्थेत इंजिन चालवू नये. ते स्वतःचेच ऑइल पिऊन बेफाम धावू शकते आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही.

आता आबांच्या ट्रॅक्टरची तक्रार. तो सुरू होई, पाच-सात मिनिटे चाले आणि गुदमरून बंद पडे. धूर नाही, ताप नाही. मी रुग्णाला विचारतो तसे विचारले, हे कधीपासून? आबा म्हणाले, "मागे एकदा डिझेल पार तळाला गेलं होतं. टाकी साफ केली, फिल्टर बदलला. तेव्हापासून." निम्मे निदान इथेच झाले.

शेजारच्या जुन्या मेस्त्रींना बोलावले होते. त्यांनी पाना उचलण्याआधी टाकीचे झाकण सैल करून पाहिले. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले, तरी ट्रॅक्टर असाच बंद पडतो. ते ठीक होते. मग टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या नळीवर बोट फिरवले. फिल्टरच्या बोल्टखाली तांब्याचा वायसर असतो. फिल्टर बदलताना जुना, चेपलेला वायसरच पुन्हा बसवला होता. तिथून डिझेल बाहेर येत नव्हते, पण हवा आत ओढली जात होती. आपल्याकडे म्हणतात तसे, ट्रॅक्टर एअर घेत होता. नवा वायसर टाकला. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढली, मग पंपावरची. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू झाले आणि तासभर चालले. दोष काही रुपयांच्या वायसरचा होता.

मुलगा बाजूला पट्टी बांधलेला हात घेऊन उभा होता. त्याने त्या दिवशी काय केले होते? गळती शोधायची म्हणून चालू इंजिनवर, पंपापासून नोझलपर्यंत जाणाऱ्या नळ्यांवरून बोट फिरवले होते.

दोन बाजू, दोन दाब

हा फरक प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने समजून घ्यावा. टाकीपासून पंपापर्यंतची बाजू कमी दाबाची. तिथली गळती फार तर हात ओला करते. पंपापासून नोझलपर्यंतची बाजू जबर दाबाची. जुन्या इंजिनातही नोझल उघडायला दर चौरस सेंटीमीटरला दीडशे-दोनशे किलो दाब लागतो. मोटारीच्या टायरमध्ये हा दाब दोन किलोच्या आसपास असतो. नळीला केसाएवढी चीर असली, तरी तिथून निघणारी धार डोळ्याला दिसतही नाही आणि हातमोज्यातून कातडीत शिरते. आत गेलेले डिझेल स्नायूबंधांच्या आवरणातून तळव्यापर्यंत पसरते, पेशी जाळते आणि रक्तपुरवठा दाबते. सुरुवातीला दुखणे कमी असते, म्हणूनच लोक घरी थांबतात. ट्रॉली उचलणाऱ्या हायड्रॉलिकच्या पाइपचेही असेच.

गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा. त्यावर डाग उमटतो. नट आवळायचा तर इंजिन बंद करूनच. आणि धार लागलीच, तर हळद नाही, दाबून डिझेल काढणे नाही, घट्ट पट्टी नाही. हात उंच धरावा, काही खाऊ-पिऊ नये (भूल द्यावी लागते), १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. डॉक्टरांना नेमके सांगावे: "दाबाखालचे डिझेल टोचले आहे, इतक्या वाजता." हे शब्द सांगितले नाहीत, तर जखम पाहून डॉक्टरही फसू शकतात.

ट्रॅक्टर दुरुस्तीतून आमच्याकडे येणाऱ्या आणखी काही गोष्टी सांगतो.

तोंडाने नळी ओढून डिझेल काढताना ते घशात जाते, आणि थोडे जरी श्वासनलिकेत उतरले तरी फुप्फुसाला सूज येते. अशा वेळी उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. उलटीत ते पुन्हा फुप्फुसात जाण्याची भीती असते. खोकला किंवा धाप असो वा नसो, काही तास देखरेखीत राहावे. हातपंपाच्या नळीने हे सगळे टळते.

सेल्फच्या दोन टोकांना पाना किंवा स्क्रूड्रायव्हर लावून खाली उभ्याने ट्रॅक्टर सुरू करण्याची सवय जीवघेणी आहे. माणूस मोठ्या चाकाच्या पुढ्यात उभा असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर पेट घेताच तो त्याच्या अंगावर जातो. सेल्फचा बटण-वायरचा दोष दुरुस्त करणे हेच यावरचे औषध.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. अर्धा तास थांबावे. भाजलेच, तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी. टूथपेस्ट, शाई, तूप नको. बॅटरीचे पाणी डोळ्यात गेले, तरी आधी पंधरा-वीस मिनिटे पाण्याने धुणे, मग दवाखाना.

बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. आणि सायलेन्सर फुटलेल्या जुन्या ट्रॅक्टरचा आवाज चालकाच्या कानाशी सहज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. आठ तासांच्या कामाला ८५ ही मर्यादा मानतात. पन्नाशीतले बरेच शेतकरी 'ऐकू कमी येतं' म्हणून येतात, तेव्हा मी वयाआधी ट्रॅक्टरचे विचारतो.

आबांचा ट्रॅक्टर अजून चालतो. पपईच्या बागेत फवारणीचे पाणी नेतो, उन्हाळ्यात शेणखताची ट्रॉली ओढतो. मुलाने शेडच्या खांबाला खिळा ठोकून त्यावर पुठ्ठ्याचा एक तुकडा टांगला आहे. मी गेलो तेव्हा त्यावर दोन डाग होते. तो म्हणाला, "साहेब, हे दोन्ही माझ्या बोटावर आले असते."

तुमच्याकडेही आजोबांच्या वेळचा ट्रॅक्टर असेल, तर या रविवारी त्याची पाटी पुसा. वय, मॉडेल, दोन्ही नंबर एका वहीत लिहा. कोणते आवरण गायब आहे, कोणते बटण बाद आहे, तेही लिहा. मग तक्रार कधीपासून आणि कशानंतर सुरू झाली ते आठवा. पाना त्यानंतर उचला.